एका स्कूटरला पाच पोलीस

पाणीपुरवठा कार्यालयाच्या मीटर विभागातल्या हेडक्लार्कना सगळे मुद्देसाहेब म्हणत, कारण ‘मुद्दा असा’ म्हटल्याशिवाय त्यांचं कुठलंच वाक्य सुरू होत नसे. चहात साखर कमी पडली तरी, “मुद्दा असा, की साखर कमी आहे.” लग्नाला होकार देतानासुद्धा त्यांनी अशीच सुरुवात केली होती आणि मुद्दा संपेपर्यंत सासऱ्यांना डुलकी लागली होती, असं बायको सांगते. (बायकोच्या माहेरच्यांना तिखटमीठ लावायची सवय आहे. सासरे फक्त डोळे मिटून ऐकत होते.)

तर त्या वर्षी गावात एकच विषय होता. एका वाहिनीवर रोज संध्याकाळी ‘रस्त्यावरून थेट’ नावाचा कार्यक्रम लागायचा. त्यात वाहतूक पोलीस गाड्या अडवायचे, वाहिनीवाले ते दाखवायचे आणि सगळं गाव चहाचे कप हातात धरून दुसऱ्याची फजिती बघायचं. असंच बघता बघता एक दिवस एक हवालदार कॅमेऱ्यासमोर एका दूधवाल्यावर खेकसला, “रस्ता काय तुझ्या बापाचा आहे?” झालं! गावात दोन तट पडले. एक तट म्हणे, पोलीस कमी आहेत हो, तिघांचं काम एकटा करतो, मग डोकं फिरणार नाही तर काय? आणखी माणसं भरा. दुसरा तट म्हणे, कमी कुठले? टीव्हीवर मोजून बघा, एकाला अडवतात आणि बाकीचे शोभेला उभे! निम्मे घरी पाठवा आणि उरलेल्यांना बोलायला शिकवा. शेवटी नगरपालिकेनं जाहीर सुनावणी ठेवली. पथक वाढवायचं की छाटायचं, ते लोकांसमोर ठरणार होतं.

मुद्देसाहेब दुसऱ्या तटाचे. नुसते तटाचे नव्हे, बुरुजच म्हणा. रोज टीव्हीसमोर बसून ते पोलीस मोजायचे. “बघ, बघ! एका स्कूटरला पाच पोलीस! मुद्दा असा, की स्कूटरला चाकं दोन. मग पोलीस पाच कशाला?” हा बिनतोड मुद्दा त्यांनी वर्तमानपत्राला कळवला, तो वाचकांच्या पत्रांत छापून आला, आणि नगरपालिकेकडून चक्क बोलावणं आलं. नागरिकांच्या वतीनं सुनावणीत बोला म्हणून.

आता खरं सांगायचं तर त्या बोलावण्यानं मुद्देसाहेब हरखून गेले होते. ऑफिसात ते बोलायला लागले की लोकांना अचानक कामं आठवायची. घरी बोलायला लागले की मिक्सर सुरू व्हायचा. आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी त्यांना ‘बोला’ म्हणत होतं, तेही माइकवर! आणि पहिल्या रांगेत बायको बसणार होती. भर सभागृहानं आपल्याला टाळ्या द्याव्यात आणि त्या बायकोनं ऐकाव्यात, एवढीच त्यांची इच्छा होती. बाकी पोलीस पाच राहिले काय आणि पन्नास झाले काय, त्यांना फारसं सोयरसुतक नव्हतं. (हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हीही सांगू नका.)

भाषण पाठ झालं. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती, तिच्यासमोर त्याची तालीमही झाली. तालीम संपल्यावर बायकोनं एक उशीचा अभ्रा झटकला आणि विचारलं, “अहो, पण तुम्हाला पोलिसानं कधी अडवलंय का?”

“मला? मला कशाला अडवेल? मी कधी नियम मोडत नाही.”

“म्हणजे पोलीस माणसाशी कसा बोलतो ते तुम्हाला काही ठाऊक नाही.”

“टीव्हीवर बघतो ना!”

“मी टीव्हीवर डोंगर चढताना बघते. म्हणून मला चढता येतो का? सभेत कुणी विचारलं तर काय सांगाल?”

इतकी वर्षं आपण उंटावरून शेळ्या हाकतो आहोत, हे मुद्देसाहेबांना एका अभ्र्याच्या झटक्यात कळलं. आणि त्याच क्षणी त्यांनी तो छोटासा निर्णय घेतला. उद्या नियम मोडायचा. पोलिसाच्या शिव्या स्वतःच्या कानांनी ऐकायच्या आणि परवा सभेत सांगायचं, ‘मुद्दा असा, की हे माझ्या अंगावर बेतलेलं आहे!’

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण माणूस सरकारी, त्यामुळे अवलक्षणसुद्धा रीतसर. कुठला नियम मोडला तर कमीत कमी अपाय होतो याचा त्यांनी रात्री जेवताना अभ्यास केला. सिग्नल तोडावा, तर कुणाला लागायचं. उलट्या दिशेनं जावं, तर आपल्यालाच लागायचं. विनाहेल्मेट जाणं त्यातल्या त्यात सोवळं वाटलं. सकाळी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिताना कारणाच्या जागी त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलं, ‘वाहतुकीचा नियम मोडण्यासाठी’. वरच्या साहेबांनी न वाचता सही केली. (त्या ऑफिसात मुद्देसाहेबांचं लिहिलेलंही कुणी वाचत नसे.)

दुपारी हेल्मेट हँडलला लटकवून मुद्देसाहेब स्कूटरवरून निघाले. टकलावर वारा लागत होता. आपण एखादे दरोडेखोर आहोत असं त्यांना वाटत होतं. पहिला चौक आला. पोलीस नाही. दुसरा चौक. तिथं पोलिसाची छत्री होती, पण छत्रीखाली एक कुत्रं झोपलं होतं. तिसऱ्या चौकाला त्यांनी दोन प्रदक्षिणा घातल्या. तिथल्या पंक्चरवाल्यानं शेवटी हाक मारली, “काका, काही हरवलं का?”

“पोलीस कुठे आहेत?”

“चोरी झाली?”

“नाही हो. मला अडवायला पाहिजेत.”

पंक्चरवाल्यानं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि समजूतदार आवाजात म्हणाला, “सगळे टीव्हीवाल्या चौकात. आख्ख्या गावाला तेवढेच आहेत. तुम्ही सावकाश जा हं काका. घरी कुणी आहे ना?”

आख्ख्या गावाला तेवढेच, हे वाक्य खरं तर तिथंच कानात शिरायला हवं होतं. पण मुद्देसाहेबांचे कान ऐकण्यापेक्षा चष्मा अडकवायलाच जास्त वापरले जात. ते तडक टीव्हीवाल्या चौकात गेले आणि बघतात तर काय, अडवून घ्यायला ही रांग! टीव्हीवर दिसायचं म्हणून लोक नटूनथटून नियम मोडायला आले होते. एक जण सूट घालून मोटरसायकलवर होता. एका बाईंनी गाडीत बसूनच लिपस्टिक लावली आणि सीटबेल्ट काढला. एक महिला हवालदार भोंग्यातून घसा फोडून सांगत होती, “ज्यांनी नियम मोडलेला नाही त्यांनी कृपा करून पुढे व्हा! ज्यांनी मुद्दाम मोडलाय त्यांनीही पुढे व्हा!”

मुद्देसाहेबांचा नंबर आला. हवालदारीणबाई म्हणाल्या, “काका, हेल्मेट हँडलला नाही, डोक्याला असतं. घाला आणि निघा.”

“निघा काय? मला अडवा!”

“अडवलंय की.”

“असं नव्हे! रीतसर अडवा. ओरडा माझ्यावर.”

“कशाला ओरडू काका? तुम्ही माझ्या वडिलांच्या वयाचे.”

“वडिलांचं नाव निघालंच आहे, तर तो बापाचा रस्ता वगैरे म्हणा ना!”

त्या बाई एवढ्या गोड हसल्या, की मुद्देसाहेबांचा संताप झाला. कॅमेरा त्यांच्याकडे वळला होता. दूधवाल्याच्या प्रकरणापासून पोलिसांना वरून सक्त ताकीद होती, काही झालं तरी आवाज चढवायचा नाही. मुद्देसाहेब मात्र त्या सभ्यपणानं घायकुतीला आले. उद्या सभेत सांगायचं काय? हवालदारीण गोड हसली म्हणून? मग त्यांनी ठेवणीतलं अस्त्र काढलं. “मुद्दा असा,” म्हणून त्यांनी सुरुवात केली आणि पाठ केलेलं भाषण आख्खं तिथंच, भर रस्त्यात, स्कूटर आडवी लावून म्हणून दाखवलं. नागरिक म्हणजे कोण, कर म्हणजे काय, मीटर विभागात आम्ही तिघं जण कसं काम करतो, चाकं दोन तर पोलीस पाच का. मागं हॉर्न वाजू लागले. सूटवाला म्हणाला, “अहो, आमचा नंबर येऊ द्या!” लिपस्टिकवाल्या बाईंनी सीटबेल्ट परत लावला.

“काका, पाणी घेता?” हवालदारीणबाईंनी विचारलं.

“पाणी मला नका देऊ, मी पाणीपुरवठ्यातला आहे! आणि तुम्ही पाच जण इथं काय करता, ते सांगा आधी!”

“मी अडवते. तो एक जण गर्दी आवरतो. त्या दोघांना वाहिनीवाल्यांची वायर धरायला लावलंय. आणि ते थोरले आजारी आहेत, पण बदली माणूस नाही म्हणून उभे आहेत.”

“कारणं सांगू नका!” मुद्देसाहेब गरजले. त्यांचा हा आवाज त्यांनी स्वतःसुद्धा कधी ऐकला नव्हता. मग ते रागारागानं स्कूटरवर बसले, किक मारली, आणि स्कूटर ढिम्म. दुसरी किक. तिसरी. चौथ्या किकेला चप्पल उडून कॅमेऱ्याला लागली. मागं आता गावच्या टोकापर्यंत गाड्या तुंबल्या होत्या. शेवटी हवालदारीणबाईंनी भोंगा खाली ठेवला, वायर धरणाऱ्यांना हाक मारली, गर्दीवाला आला, आजारी थोरलेही खोकत आले, आणि पाची जणांनी मिळून मुद्देसाहेबांना स्कूटरसकट ढकलत चौकाबाहेर नेलं. जाता जाता मुद्देसाहेबांचं तोंड चालूच होतं. मोजायचं भान त्यांना त्या दिवशी राहिलं नाही.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, “काय झालं?”

“फार अरेरावी,” मुद्देसाहेब म्हणाले. (कुणाची, ते बोलले नाहीत.) त्या संध्याकाळी त्यांनी टीव्ही लावू दिला नाही. डोकं दुखतंय म्हणाले. ते मात्र खरं होतं, ऊन लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सभागृह खच्चून भरलं होतं. पहिल्या रांगेत बायको, ठेवणीतल्या साडीत. मुद्देसाहेबांनी माइक हातात घेतला. “मुद्दा असा!” आणि सभा शांत झाली. खरोखर शांत! कुणी उठलं नाही, कुठे मिक्सर लागला नाही. मुद्देसाहेब रंगात आले. दोन चाकं, पाच पोलीस. टाळी! शेवटी हात उंचावून ते म्हणाले, “काल मी स्वतः त्या चौकात होतो. एका स्कूटरला पाच पोलीस! या डोळ्यांनी पाहिलं!” टाळ्यांचा कडकडाट झाला. त्यांनी बायकोकडे पाहिलं. तीसुद्धा टाळ्या वाजवत होती. त्या क्षणी मरण आलं असतं तरी बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं. पुढच्या पाच मिनिटांत तर फारच वाटलं.

कारण मग वाहतूक शाखेचे इन्स्पेक्टर उठले. “साहेब म्हणतात ते अगदी खरं आहे,” ते शांतपणे म्हणाले. “एका स्कूटरला पाच पोलीस लागले. का लागले, ते बघू या.” आणि पडद्यावर कालचं, वाहिनीनं अजून न दाखवलेलं चित्रण सुरू झालं.

वाहिनीच्या नियमाप्रमाणे स्कूटरवाल्याचा चेहरा धूसर केला होता. पण धूसर चेहऱ्याच्या वर टक्कल लख्ख होतं आणि खालून आवाज येत होता, “मुद्दा असा!” सभागृहातली एकेक मान पडद्याकडून व्यासपीठाकडे वळली. चप्पल उडाली तेव्हा मागच्या रांगा हसून कोसळल्या. पाच पोलीस घामाघूम होऊन स्कूटर ढकलू लागले तेव्हा अध्यक्षांनीसुद्धा रुमालात तोंड लपवलं.

दिवे लागले. सगळे मुद्देसाहेबांकडे बघत होते. पळून जावं, तर व्यासपीठाची पायरी अध्यक्षांच्या खुर्चीमागं होती. मुद्देसाहेबांनी घसा साफ केला.

“मुद्दा असा, की हे गृहस्थ कोण आहेत ते मला माहीत नाही. पण माणूस सुशिक्षित वाटतो.”

“चेहरा तर दिसत नाही! कशावरून?” मागून कुणीतरी ओरडलं.

“बोलण्यावरून. त्यांना ऊन लागलं असावं. घरी काही ताण असेल.”

“घरी काही ताण नाही,” पहिल्या रांगेतून बायको म्हणाली. माइक नसतानाही ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. “त्या गृहस्थांना सांगा, त्या पोरीनं पाणी विचारलं तेव्हा घ्यायचं होतं. आणि थोरल्या हवालदारांची माफी मागा म्हणावं, तापात ढकललंय त्यांनी.”

मुद्देसाहेबांची मान खाली गेली. माइक तोंडाजवळच होता, त्यामुळे पुढचं सगळ्यांना ऐकू आलं. “ते गृहस्थ माफी मागतात,” ते हळूच म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, “मी मागतो. चुकलंच माझं.”

या वाक्यात ‘मुद्दा असा’ नव्हतं, हे बायकोच्या लगेच लक्षात आलं. हसणं थांबलं. सभेनं पथकात आणखी माणसं भरायचं एकमतानं ठरवलं. वायर वाहिनीनं आपली आपण धरावी, हेही ठरलं. दुसऱ्या तटातले लोक बाहेर पडताना म्हणत होते, “बुरुजच ढासळला, आता तट काय कपाळ राहणार!”

पुढचे काही महिने मुद्देसाहेब ऑफिसला मागच्या दारानं जात. आणि एका संध्याकाळी दारात इन्स्पेक्टर उभे! मुद्देसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. पण इन्स्पेक्टर नम्रपणे बसले आणि म्हणाले, “नवी मुलं भरती झालीत. त्यांना लोकांशी बोलण्याचं शिक्षण द्यायचंय. कुणी कितीही बोललं तरी डोकं थंड कसं ठेवायचं, हे. त्यासाठी घरातलंच अनुभवी माणूस हवं होतं. शनिवारी याल का?”

“येतो!” मुद्देसाहेब म्हणाले. गेलेली सगळी अब्रू एका शब्दात परत आली होती. शनिवारी कडक इस्त्रीचा शर्ट घालून, बायकोला सोबत घेऊन ते पोलीस प्रशिक्षणाच्या हॉलमध्ये शिरले. तीसेक नवे शिपाई ताडकन उभे राहिले. मुद्देसाहेब ऐटीत व्यासपीठाकडे निघाले, तेवढ्यात इन्स्पेक्टरांनी हळूच त्यांचं कोपर धरलं.

“साहेब, तुम्ही इकडे. या खुर्चीत.”

“मग व्याख्यान?”

“व्याख्यान वहिनींचं आहे. तुम्ही प्रात्यक्षिकाला.”

मुद्देसाहेब खुर्चीत बसले. (दुसरं काय करणार? तीसेक शिपाई बघत होते.) बायकोनं पोरांना बाजूच्या खोलीत नेऊन आधी काहीतरी शिकवलं. मग एकेक शिपाई येऊन मुद्देसाहेबांसमोर बसू लागला आणि मुद्देसाहेबांना सांगण्यात आलं, “बोला.” मग काय! रस्ते, कर, मीटर, गळती, लोकशाही, काही म्हणून सोडलं नाही. एकही शिपाई चिडला नाही, एकानंही जांभई दिली नाही. त्या दिवशी आख्खी तुकडी पास झाली.

घरी येताना मुद्देसाहेब हवेत होते. “काय शांतपणे ऐकतात गं ही मुलं! एकेक शब्द टिपत होती.”

“ऐकत नव्हती,” बायको कुलूप उघडता उघडता म्हणाली. “मीच शिकवलं त्यांना. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, दर दोन वाक्यांनी मान हलवायची, आणि मनात दुसऱ्याच कशाचा तरी विचार करायचा. मग कितीही वेळ बसता येतं.”

मुद्देसाहेब उंबऱ्यातच थबकले. हा तर सरळ सरळ नागरिकांचा अपमान होता! चपलाही न काढता त्यांनी बायकोला समोर बसवलं. “मुद्दा असा,” म्हणून त्यांनी सुरुवात केली. असं शिकवणं चूक का, ऐकणं म्हणजे काय, नुसती मान हलवणारा पोलीस उद्या देशाला कुठं नेईल, हे सगळं त्यांनी सविस्तर, पोटतिडकीनं सांगितलं. बायको त्यांच्या डोळ्यांत बघत होती आणि दर दोन वाक्यांनी मान हलवत होती. बोलता बोलता मुद्देसाहेबांचा राग निवळला, चेहरा खुलला. जगात कुणी ऐको न ऐको, घरात एक माणूस तरी आपलं मन लावून ऐकतं, असं त्यांना अगदी आतून वाटलं.

“आता पटलं ना तुला?” त्यांनी विचारलं.

बायकोनं मान हलवली.